देशी झाड कोणतं, हे ठरवलं कुणी? 1861च्या यादीपासून कळवणच्या रोपवाटिकेपर्यंत

कळवण : मृगाचा पाऊस पडला की ग्रामपंचायती, शाळा, वन विभाग, बचत गट असे सगळेच खड्डे खोदायला लागतात. रोपं येतात, फोटो निघतात. अलीकडे प्रत्येक कार्यक्रमात एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं : “फक्त देशी झाडं लावा.” वाक्य चांगलं आहे, हेतूही चांगला आहे. पण देशी झाड कोणतं, असं विचारलं की उत्तरं फाटे फोडतात. कुणी चिंच म्हणतं, कुणी सीताफळ, कुणी कडुनिंब, तर कुणी गिरिपुष्पालाही देशी समजतं, कारण लहानपणापासून तेच डोळ्यांसमोर आहे.

यातली चिंच मूळची आफ्रिकेतली, असं बहुतेक वनस्पतिशास्त्रज्ञ मानतात. सीताफळ अमेरिका खंडातलं. गिरिपुष्प मध्य अमेरिकेतलं. मग देशी म्हणजे काय? हा नुसता शब्दाचा खेळ नाही. कोणती रोपं लावायची, कोणतं बियाणं जपायचं आणि गावाच्या जैवविविधता नोंदवहीत काय लिहायचं, हे सगळं या एका शब्दावर ठरतं. आणि हा शब्द आज आपण ज्या अर्थानं वापरतो, तो अर्थ दोन-अडीचशे वर्षांपूर्वीच्या जीवशास्त्रानं घडवला आहे.

नावात ‘इंडिका’, पण मूळ दुसरीकडे

स्वीडनचे कार्ल लिनियस यांनी 1753 साली वनस्पतींना दोन शब्दांचं शास्त्रीय नाव देण्याची पद्धत पक्की केली. पहिला शब्द वंशाचा, दुसरा त्या जातीचा. आजही जगभर हीच पद्धत चालते. लिनियस स्वतः भारतात कधी आले नव्हते. त्यांच्यापुढे वाळवलेली पानं-फुलं आणि आधीच्या लोकांची पुस्तकं होती. त्यावरून त्यांनी हजारो नावं दिली.

चिंचेचं नाव त्यांनी ठेवलं टॅमरिंडस इंडिका. त्यातला पहिला शब्द अरबी ‘तमर हिंद’ म्हणजे ‘हिंदचा खजूर’ यावरून आला. अरब व्यापाऱ्यांना चिंच भारतातून मिळायची, म्हणून ती हिंदची. दुसरा शब्द ‘इंडिका’ म्हणजे पुन्हा भारताचीच. नावात दोनदा भारत, पण झाडाचं मूळ आफ्रिकेत. मेक्सिकोकडच्या एका निवडुंगालाही लिनियस यांच्या पुस्तकात ‘फायकस-इंडिका’ असं नाव मिळालं आहे. त्या काळी युरोपात ‘इंडीज’ हा शब्द पूर्वेला आणि पश्चिमेला दोन्हीकडे वापरला जायचा.

उलट बाजूचं उदाहरण शिवनेरीच्या कड्यावर आहे. शिंदळ माकुडी नावाची मांसल पानांची छोटी वनस्पती सह्याद्रीतल्या मोजक्या कड्यांवरच उगवते, जगात दुसरीकडे कुठेही नाही. तिचं शास्त्रीय नाव फ्रेरिया इंडिका. इथं मात्र ‘इंडिका’ शब्द खरा आहे. म्हणजे नुसत्या नावावरून झाड देशी की बाहेरचं हे ओळखता येत नाही. पुस्तकातलं नाव झाड कुठून हाती लागलं ते सांगतं, ते कुठं जन्मलं ते सांगेलच असं नाही.

प्रत्येक जातीचं गाव असतं, ही कल्पना आली कुठून?

लिनियस यांच्या काळात अशी समजूत होती की सगळ्या जाती सुरुवातीला एकाच ठिकाणी निर्माण झाल्या आणि तिथून जगभर पसरल्या. पण बोटी भरभरून नमुने युरोपात येऊ लागले तशी ही समजूत डळमळली. फ्रान्सचे बुफाँ यांनी 1761च्या सुमारास दाखवलं की आफ्रिका-आशियातले आणि अमेरिकेतले उष्ण प्रदेशातले प्राणी वेगवेगळे आहेत. हवामान सारखं असूनही एकीकडचा प्राणी दुसरीकडे नाही.

पुढे 1820 साली स्वित्झर्लंडचे ऑग्युस्तँ द कांदोल यांनी दोन गोष्टी वेगळ्या केल्या. एक, वनस्पतीला कशी जागा लागते : पाणथळ, खडकाळ, सावलीची. दुसरी, ती पृथ्वीच्या कोणत्या भागात सापडते. एकाच मुलखात सापडणाऱ्या वनस्पतींसाठी ‘एंडेमिक’ हा वैद्यकातला शब्द त्यांनी वनस्पतिशास्त्रात आणला. मराठीत आपण त्याला ‘प्रदेशनिष्ठ’ म्हणतो. शिंदळ माकुडी ही अशी प्रदेशनिष्ठ.

इथपर्यंत प्रश्न फक्त ‘कुठं’ हा होता. ‘कुणी आणलं’ हा प्रश्न नंतर आला.

कायद्याच्या भाषेतून आलेला शब्द

इंग्लंडमध्ये जॉन हेन्स्लो यांनी 1835 साली ब्रिटनच्या वनस्पतींच्या यादीत कोणती मूळची आणि कोणती माणसानं आणलेली अशा खुणा केल्या. हेन्स्लो म्हणजे चार्ल्स डार्विनचे गुरू. त्यानंतर 1847 साली ह्युएट वॉटसन यांनी या खुणांना नीट व्याख्या दिल्या : नेटिव्ह, डेनिझन, कॉलनिस्ट, एलियन.

हे शब्द पाहिले की लक्षात येतं, ते झाडांसाठी बनलेलेच नव्हते. नेटिव्ह, डेनिझन आणि एलियन हे इंग्लंडच्या कायद्यातले शब्द. जन्मानं प्रजाजन कोण, परवानगीनं राहणारा कोण आणि परका कोण, हे ठरवण्यासाठी ते वापरले जात. कॉलनिस्ट म्हणजे वसाहत करणारा. वॉटसन यांनी ते शब्द उचलले आणि झाडांना लावले. त्यांची कसोटी एकच होती : माणसाच्या हातानं आलं का? नसेल तर मूळचं, असेल तर परकं.

ब्रिटनसारख्या बेटावर ही कसोटी बऱ्यापैकी चालते. पण जिथं माणूस हजारो वर्षं बी-बियाणं घेऊन फिरतो आहे, तिथं ती अडखळते. नेमकी हीच कसोटी आपल्याकडं आली.

मुंबई इलाख्याची दोन भागांतली यादी

मुंबई परिसरातल्या वनस्पतींची पहिली मोठी यादी जॉन ग्रॅहॅम यांची, 1839 सालची. ग्रॅहॅम टपाल खात्यातले अधिकारी होते. पण खरी वाटणी झाली 1861 साली. त्या वर्षी भायखळ्याच्या छापखान्यातून ‘द बॉम्बे फ्लोरा’ हे पुस्तक निघालं. लेखक दोन : एन. ए. डॅल्झेल आणि अलेक्झांडर गिब्सन. पुस्तकाच्या लांबलचक नावातच वाटणी आहे. मुख्य भागात मुंबई इलाख्यातल्या ‘मूळच्या’ वनस्पती आणि पुरवणीत ‘आणलेल्या व रुळलेल्या’ वनस्पती. आपला नाशिक जिल्हा तेव्हा याच इलाख्यात होता.

म्हणजे आपल्या मुलखातली कोणती झाडं घरची आणि कोणती पुरवणीतली, हे छापील स्वरूपात तिथं मांडलं गेलं. शिंदळ माकुडीला शास्त्रीय नाव देणारे डॅल्झेल ते हेच. पुढे पुण्याच्या सायन्स कॉलेजचे प्राचार्य राहिलेल्या थिओडोर कुक यांनी 1901पासून मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा मोठा ग्रंथ काढला. आजही महाराष्ट्रातला वनस्पतिशास्त्राचा विद्यार्थी कुकचं नाव घेतल्याशिवाय पुढे जात नाही.

गिब्सन यांचं काम समजून घेण्यासारखं आहे. ते डॉक्टर. पुण्याजवळच्या दापोडीच्या आणि जुन्नरजवळच्या हिवऱ्याच्या सरकारी बागांचं काम त्यांच्याकडे होतं. 1847 साली ते मुंबई इलाख्याचे वनसंरक्षक झाले. डोंगर उघडे पडले की झरे आटतात, असं त्यांनी तेव्हाच सरकारला लिहून कळवलं होतं. केमच्या डोंगरातून निघणाऱ्या गिरणेच्या काठावर राहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

पण त्याच गिब्सन यांच्या बागांमधून परदेशी झाडं वाढवून वाटलीही जात होती. म्हणजे एकीकडे मूळच्या वनस्पतींची यादी करायची, दुसरीकडे बाहेरच्या आणून लावायच्या. यात त्या काळी कुणाला विसंगती वाटत नव्हती. कारण ‘मूळचं’ याचा अर्थ तेव्हा ‘जपण्याजोगं’ असा नव्हता. तो फक्त यादीतला रकाना होता. ‘देशी ते चांगलं, परदेशी ते वाईट’ हा अर्थ फार नंतर, मुख्यतः 1958 साली चार्ल्स एल्टन यांनी बाहेरून घुसणाऱ्या जातींवर पुस्तक लिहिल्यानंतर जोर धरू लागला.

यादीत न मावलेला माणूस

या पद्धतीचा एक परिणाम मात्र खोल गेला. माणसाचा हात लागला की ते ‘नैसर्गिक’ नाही, असं एकदा ठरलं की खरं जंगल म्हणजे माणूस नसलेलं जंगल, असं आपोआप ठरतं. फिरती शेती करणारे, मोह वेचणारे, जनावरं चारणारे लोक मग जंगलाचे भाग राहत नाहीत, नुकसान करणारे ठरतात. गिब्सनही कुमरी म्हणजे फिरत्या शेतीच्या विरोधात होते. 1878च्या वन कायद्यानं राखीव जंगलं आखली गेली, तेव्हा सागासारख्या इमारती लाकडाला भाव आला आणि गावकऱ्याच्या रोजच्या उपयोगाची झाडं मागे पडली.

खरं तर सुरुवातीच्या या सगळ्या शास्त्राला माहिती दिली ती इथल्याच माणसांनी. केरळच्या वनस्पतींवरचा ‘होर्तूस मलबारिकूस’ हा बारा खंडांचा ग्रंथ 1678 ते 1693 या काळात अ‍ॅमस्टरडॅमला छापला गेला. त्यासाठी इट्टी अच्युतन या वैद्यांनी आणि रंग भट, विनायक पंडित, अप्पू भट या कोंकणी वैद्यांनी माहिती पुरवली. या तिघांचं कोंकणीतलं प्रमाणपत्र नागरी लिपीत त्या ग्रंथात छापलेलं आहे. लिनियस यांनी भारतीय वनस्पतींसाठी या ग्रंथाचा आधार घेतला. पुढच्या काळात मात्र माहिती सांगणाऱ्यांची नावं अशी क्वचितच छापली गेली.

सीताफळाचा वाद

देशी-परदेशी ठरवणं किती अवघड असतं, ते सीताफळावरून कळतं. नाव सीतेचं, त्याचा भाऊ रामफळ. मग हे फळ बाहेरचं कसं असेल, असा प्रश्न कुणालाही पडेल. एकोणिसाव्या शतकात तो विद्वानांनाही पडला. पुरातत्त्व खात्याचे अलेक्झांडर कनिंगहॅम यांना भारहुतच्या प्राचीन स्तूपाच्या कोरीव कामात सीताफळासारखं फळ दिसलं.

ऑग्युस्तँ यांचे चिरंजीव आल्फाँस द कांदोल यांनी 1882च्या सुमारास पिकांच्या मूळ स्थानावर ग्रंथ लिहिला, त्यात हा वाद तपासला. त्यांची रीत साधी होती : रानटी अवस्थेत झाड कुठं सापडतं, त्याचे भाऊबंद कुठं आहेत, जुनी नावं काय सांगतात, जुन्या लिखाणात काय आहे. सीताफळाचे बहुतेक भाऊबंद अमेरिकेत. म्हणून त्यांनी कौल अमेरिकेच्या बाजूनं दिला आणि आजही बहुतेक शास्त्रज्ञ तेच मानतात. उत्खननात सापडलेल्या बियांवरून त्याला आव्हान देणारे अभ्यासकही आहेत. पण सामान्य माणसाच्या दृष्टीनं मुद्दा वेगळा : फळ बाहेरून आलं, तरी लोकांनी त्याला घरातलं नाव देऊन घरचं करून टाकलं.

आपल्या शेतात किती देशी?

हीच फूटपट्टी कळवण तालुक्यातल्या शेताला लावून बघा.

- मका : मेक्सिको
- मिरची, टोमॅटो, बटाटा, भुईमूग : अमेरिका खंड
- कांदा : मध्य आशिया
- डाळिंब : इराणकडचा प्रदेश
- बाजरी, ज्वारी : आफ्रिका
- नागली : पूर्व आफ्रिकेतला डोंगराळ भाग
- खुरासणी : इथिओपिया
- तूर, उडीद, कुळीथ, वरई, आंबा : आपल्याकडचे

यादी वाचून धक्का बसेल तो नागलीचा. कनाशी, दळवट, अभोणा भागातल्या आदिवासी घरांत नागलीची भाकरी म्हणजे पिढ्यान्‌पिढ्यांचं अन्न. धान्याला कणसरी देवी मानणाऱ्या कोकणा समाजाला नागली परकी आहे असं सांगून बघा. वॉटसन यांच्या कसोटीनं ती परकीच ठरते. पण ती हजारो वर्षांपूर्वी इथं आली, आपल्या उतारावर, आपल्या पावसात वाढली आणि बाया-माणसांनी दरवर्षी कणसं निवडून तिचे हळवे-गरवे असे कितीतरी वाण तयार केले. ते वाण आफ्रिकेत नाहीत. जात बाहेरची, पण वाण इथलाच.

म्हणून मराठीत ‘देशी’ आणि ‘गावरान’ हे दोन वेगळे शब्द आहेत, ते बरंच आहे. देशी हा मुळाचा प्रश्न. गावरान म्हणजे गावात वाढलेलं, गावानं जपलेलं. जीवशास्त्राच्या जुन्या यादीत गावरान या शब्दाला रकाना नव्हता.

आपल्या लोकांची झाडं ओळखायची रीतही वेगळी. कुठून आलं यापेक्षा ते करतं काय, यावर नाव पडतं. वास येतो म्हणून घाणेरी. उंदीर मारायला वापरतात म्हणून गिरिपुष्पाला उंदीरमारी. रान मोडून काढते म्हणून कोकणात रानमोडी. सुसाट वाढते म्हणून वेडी बाभूळ. बाहेरचं आहे हे लोकांना कळत नव्हतं असंही नाही. ‘विलायती चिंच’ या नावात ते आहेच.

मग देशी-परदेशी हा भेद खोटा का?

नाही. इथं गल्लत करू नये. झाड आणि त्याच्या भोवतीचे जीव एकमेकांसोबत लाखो वर्षं वाढलेले असतात. टसर रेशमाचा किडा ऐन आणि अर्जुनाच्या पानांवर वाढतो. लाखेचा किडा पळस, कुसुम, बोरावर बसतो. मोहाच्या फुलांवर वटवाघळं येतात. डोंगरभर एकच गिरिपुष्प लावलं तर हिरवं दिसेल, पण हे सगळं त्यासोबत येणार नाही. जनावरंही त्याला फारसं तोंड लावत नाहीत.

घाणेरीचं नुकसान तर गुराख्याला विचारा. एकोणिसाव्या शतकात बागेतलं शोभेचं झुडूप म्हणून ती भारतात आली आणि जंगलभर पसरली. तिच्याखाली गवत उगवत नाही, म्हणजे चारा गेला. गाजरगवताचंही तसंच. 1950च्या दशकात पुण्याकडं ते ठळकपणे नजरेत आलं आणि अमेरिकेच्या गव्हासोबत आलं, असं घरोघर बोललं गेलं. पण रॉक्सबर्ग यांच्या 1814 सालच्या कलकत्त्याच्या बागेच्या यादीतही त्याचं नाव सापडतं. म्हणजे बाहेरची वनस्पती आली की लगेच उधळते असं नाही. ती कित्येक वर्षं गप्प राहून नंतरही उठू शकते. आणि या गाजरगवतावर उपाय म्हणून 1980च्या दशकात आणलेला भुंगेरा कुठला? मेक्सिकोचा. परदेशी तणाला परदेशी किडा.

थोडक्यात, तीन प्रश्न वेगवेगळे आहेत. मूळ कुठलं? कुणी आणलं? आणि आता ते इथं काय करतं? जुन्या जीवशास्त्रानं पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं शोधायची चांगली रीत दिली. पण आपण ती उत्तरं तिसऱ्या प्रश्नाला चिकटवली, तिथं घोळ झाला. नागली बाहेरची आणि पोसणारी. घाणेरी बाहेरची आणि मारक. दोघींना एकाच रकान्यात टाकून चालणार नाही.

गावानं काय करायचं?

जैवविविधता कायदा 2002 प्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी आणि तिनं लोक जैवविविधता नोंदवही तयार करायची असते. बऱ्याच ठिकाणी हे काम कागद भरण्यापुरतं होतं आणि पुस्तकातल्या नावांची यादी उतरवली जाते. तसं झालं तर 1861च्या यादीचीच नक्कल होईल. गावातल्या नागलीचे, वरईचे, भाताचे वाण पुन्हा बाहेरच राहतील. शेतकरी वाण लावायचा थांबला आणि नोंदही नसली, तर तो वाण होता हे सांगायलाही कुणी उरणार नाही.

नोंद करताना प्रत्येक झाड, पीक, वाणासमोर चार गोष्टी लिहाव्यात : गावातलं नाव, मूळ कुठलं (माहीत असल्यास), गावात किती पिढ्यांपासून आहे आणि त्याचा उपयोग किंवा त्रास काय. माहिती सांगणाऱ्या आजी-आजोबांचं, वैदूचं, गुराख्याचं नाव त्यांच्या संमतीनं लिहावं. साडेतीनशे वर्षांपूर्वी अ‍ॅमस्टरडॅमला छापलेल्या ग्रंथात ते लिहिलं गेलं, तर आपल्या ग्रामपंचायतीच्या वहीत का नको?

झाडं लावतानाही हेच. सप्तशृंगगडाच्या उतारावर, नांदुरीच्या पायथ्याला, चणकापूर-पुनंदच्या पाणलोटात लावायचं असेल तर आधी जवळच्या चांगल्या रानात काय उभं आहे ते बघा. साग, ऐन, खैर, पळस, मोह, बेहडा, आवळा, जांभूळ, करंज यांचं बी तिथूनच गोळा करा. सामूहिक वनहक्क मिळालेल्या गावांना तर 2006च्या कायद्यानं आपलं जंगल राखण्याचा आणि त्याचं व्यवस्थापन करण्याचा हक्क दिला आहे. रोपं मागवताना ‘देशी’ एवढं लिहून सोडू नका, झाडांची नावं लिहा. बांधावर, परसात मात्र सीताफळ, चिंच खुशाल लावा. ती पोरांना, पाखरांना खाऊ घालतात आणि रानही मोडत नाहीत.

‘देशी’ हा शब्द ठरवणारी पहिली यादी भायखळ्यात छापली गेली. पुढची नोंद कळवणच्या गावागावांत व्हायची आहे. ज्यांना नागलीचे वाण आणि रानातली झाडं नावानिशी माहीत आहेत, ती माणसं आज सत्तरी-ऐंशीत आहेत. वही उघडायची असेल तर ती या पावसाळ्यातच उघडलेली बरी.